कोळी कुणीकडनं फिरतो

आक्का, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी बायकोला नाही, ग्रंथालयात माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्या माणसाला नाही, आणि तुला तर नाहीच. कोळी जाळं विणताना कुणीकडनं फिरतो, ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. निपाणीच्या बसस्टँडवर, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन धरून, उभ्या उभ्या मी ते मनानं रचलं होतं.

झालं, लिहिलं एकदाचं. नऊ वर्षं हे वाक्य अडकून होतं आणि कागदावर उतरायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ, ही पण एक गंमतच हाय की रं."

गंमत हा तुझा शब्द. वडगावात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फलक आहे. त्यावर वरच्या अंगाला नळाला पाणी कधी, लाइट किती वाजता जाणार, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. खालची चार बोटं जागा तुझी. ती तुला कुणी दिली नव्हती. मंडळातल्या कुणाचंच अक्षर धड नाही म्हणून फलक लिहायला तुला बोलावलं होतं, आणि एके दिवशी मजकूर संपला तरी हातात खडू उरला, तेव्हा तू खाली लिहिलंस, 'सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा थोडा उंच असतो.' बास, तिथून सुरू.

त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या शेडांच्या दारांवर खडूच्या रेघा उठल्या. यंत्रमाग बंद ठेवून माणसं भिंतीला पाठ लावून उभी. भावोजी सकाळी मापले, संध्याकाळी मापले, तर करंगळीच्या नखाएवढे कमी भरले. त्यांना लई आनंद झाला. "मागापुढं उभं राहून राहून झिजलो म्हणतोय तर हिला पटत न्हवतं. आता हिनंच लिवलंय." तू सुताची कांडी भरता भरता मान वर न करता म्हणालीस, "झिजला न्हाईसा. दमलासा. सकाळी परत व्हतासा तेवढंच." त्यानंतर भावोजी जिवंत होते तोवर सकाळी अंथरुणातून उठले की आधी दारापाशी जाऊन मापून घ्यायचे.

मग नाकपुडीचं आलं. एका वेळी एकच नाकपुडी जास्त चालते आणि काही तासांनी पाळी बदलते. तू लिहिलंस आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली नाकाखाली बोट धरून हिंडत होती. भांडी विकायला आलेल्या बाईनं आधी आपला पदर नाकाला लावला आणि मग विचारलं, "हितं काय मेलंय काय हो?"

उचगावाहून दूध घालायला येणारा परशराम मात्र तुझ्यावर कधीच खूश नव्हता. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, असं तू लिहिलंस त्या दिवशी त्यानं फलकापुढं सायकल उभी केली आणि तुझ्या दारात येऊन तक्रार केली.

"आक्का, ह्यात कसली गंमत? आमच्या म्हशीला पण न्हाईत."

"तुला ठाऊक हाय रं. बँकेतल्या सायबाला ठाऊक हाय का?"

"त्येला कशाला ठाऊक पायजे? त्यो काय धार काढतोय?"

"मग तुला तरी सायबाचं सगळं कशाला ठाऊक पायजे? चारचौघांत रोज त्येच्या पगाराचं इचारत असतोस."

परशराम त्या दिवशी दूध कमी मापून गेला, असं तुझं म्हणणं होतं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी फलकापुढं तोच उभा होता.

या सगळ्यात माझं काम एवढंच होतं की तुला रोज एक गंमत पुरवायची. तू सातवी शिकलेली, आणि मी निपाणीच्या कॉलेजात ग्रंथालयातला कारकून. पुस्तकं माझ्या भोवती आणि डोकं तुझ्याकडं, अशी वाटणी होती आपली. सकाळी साडेआठला तुझा फोन यायचा. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. थेट, "आज काय रं?" मी आदल्या दिवशी दुपारी पुस्तकं चाळून एक चिठ्ठी करून ठेवलेली असायची. फुलपाखरू पायानं चव घेतं. जन्मलेल्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडं असतात, पुढं ती एकमेकांना जुळत जातात. रेशमाचा एक कोश म्हणजे सलग एकच धागा, पार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. हे शेवटचं सांगितलं तेव्हा तू फोनवर आधी मलाच ते परत म्हणायला लावलंस. मग म्हणालीस, "एक पण गाठ न्हाय? आमच्यात सांगायची सोय न्हाय. समद्यास्नी लाज वाटंल."

बसस्टँडवरच्या त्या दिवशी मात्र चिठ्ठी नव्हती. आदल्या दुपारी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चाललेली आणि मी विसरलो. एवढंच. त्यामागं काही मोठं कारण असतं तर आज लिहायला बरं वाटलं असतं. बस लागत होती, माणसं दाराशी लोंबकळत होती, आणि फोनवर तू. "लवकर सांग, खडू हातात हाय." मी वर बघितलं. स्टँडच्या पत्र्याच्या कोपऱ्यात एक कोळी जाळ्यात फिरत होता. मी म्हणालो, "कोळी जाळं विणताना कायम घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. उलटा कधीच न्हाय."

"कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय."

"जगातला कुठलाबी कोळी?"

"कुठलाबी," म्हणालो आणि बसमध्ये चढलो. जागा मिळाली आणि मी विसरूनही गेलो.

तुमची गल्ली मात्र विसरली नाही. तुझ्या फलकावरची कुठलीच गोष्ट गल्लीनं इतकी मनावर घेतली नव्हती. साहजिक होतं. कांड्या भरायचा रहाट एकाच बाजूनं फिरतो, उलटा फिरवला की सूत सुटून गुंता होतो. हे तिथल्या बायांना चालायला यायच्या आधी कळतं. आणि आता फलक सांगत होता की कोळ्याचा पण रहाट सुलटाच फिरतो. तुझ्या समोरच्या शेडमधला मल्लाप्पा तर दारोदार सांगत फिरला, "म्हंजे ह्यो नम्म मंदीच की. आपल्यातलाच माणूस." त्या महिन्यात कुणी जाळी झाडली नाहीत. एखाद्या पोरीनं कांडी वाकडी भरली की तिला, "त्या कोळ्याकडनं शीक," असं ऐकवायला लागले. मी रविवारी आलतो तेव्हा मल्लाप्पानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "तुमच्या लायब्ररीत लई भारी पुस्तकं हायत." मी चहा प्यालो.

त्यातल्या कुणीच, आक्का, तूसुद्धा, एक साधा प्रश्न विचारला नाही, आणि का नाही ते मला नंतर कळलं. रहाटावर बसणारी बाई आयुष्यभर त्याच्या एकाच अंगाला बसते. मागावर उभा राहणारा एकाच अंगाला उभा राहतो. साडीला सुलटी बाजू असते. पलीकडं जाऊन बघायची वेळच तुमच्यावर कधी येत नाही.

तो प्रश्न स्नेहल नावाच्या पोरीनं विचारला. गल्लीमागच्या मराठी शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम होता आणि मोठ्या बाईंनी पाहुणी म्हणून तुला बोलावलं होतं. फलकवाली आजी म्हणून. तू मला निपाणीहून खास बोलावून घेतलंस. आपल्याच मागावरची जांभळी साडी नेसलीस, आणि मला दुसऱ्या रांगेत बसवून म्हणालीस, "म्होरं बसू नको, तुझ्याकडं बघून हसू येतंय मला."

काय बोललीस तू त्या दिवशी. वीस मिनिटं, हातात कागद नाही. पोरांना नाकाखाली बोटं धरायला लावलीस. स्वतःला गुदगुल्या करून बघा म्हणालीस, आणि साठ पोरं आपापल्या काखेत हात घालून गंभीर चेहऱ्यानं बसली. कोंबडा आरवताना चोच उघडली की त्याचे कान आतून मिटतात, स्वतःच्या आवाजानं त्याचा तोच बहिरा होऊ नये म्हणून, हे सांगून तू पुढच्या बाकावर बसलेल्या सगळ्या मास्तरांकडं बघितलंस. मास्तर पण हसले. मग शेवटची, तुझी सगळ्यात लाडकी गंमत. कोळ्याची.

एक पोरगी उठली. दोन वेण्या, पाचवीतली.

"आजी, आणि मागनं बघितलं तर?"

"म्हंजे गं?"

तिनं वहीचं पान फाडलं, त्यावर गोल काढला, गोलाला बाण काढला, आणि खिडकीच्या उजेडापुढं धरून पान उलटं केलं. बाण उलटा फिरत होता.

साठ पोरं हसली. वाईट हसली असं नाही, पण हसली. शास्त्राच्या बाईंनी अगदी अदबीनं विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात वाचलंत, आजी?"

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही, एक धागा ओवायला लागतो तेवढाच. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला घेतला. तो आधीच लावलेला होता.

"पुस्तकात न्हाय बाई," तुझा आवाज आला. "मी एकाच बाजूनं बघितलं आन तसंच सांगितलं. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी फलकावर, खालच्या चार बोटांत, तुझ्या त्या देखण्या अक्षरात होतं, 'कोळ्याला डावं-उजवं नसतं, बघणाऱ्याला असतं. आधी लिहिलेलं चुकीचं आहे. चूक माझी.' खाली पूर्ण नाव. मी मुक्कामाला होतो. बस पकडायला जाताना ते वाचलं. वाचलं आणि बस पकडली.

त्यानंतर तू काय केलंस, ते मला खरं म्हणजे हसत हसतच आठवतं. तू परसातल्या पेरूखाली पाट टाकून बसायला लागलीस. सांज झाली की तू आणि कोळी. सूनबाई सविता चहा तिथंच आणून द्यायची. महिनाभरानं फलकावर आलं, 'पेरूवरचा कोळी जुनं जाळं खाऊन टाकतो आणि नवं विणतो. (बघितलं.)' आणखी काही दिवसांनी, 'फेर धरून मोठं जाळं विणणारी बहुतेक मादीच असते. (वाचलं.)' मल्लाप्पा म्हणाला, मग कोळी कशाला, कोळीण म्हणा की. आणि गल्लीत खरोखरच त्या पेरूला कोळणीचा पेरू म्हणायला लागले.

त्या दिवसापासून प्रत्येक गमतीपुढं कंसात एक शब्द यायला लागला. बघितलं, किंवा वाचलं. शाळेतल्या बाईंकडून पुस्तकं आणून तू वाचायचीस, चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून. नऊ वर्षं मी तुझा फलक येता-जाता वाचत होतो. त्यात बघितलं होतं, वाचलं होतं. 'ऐकलं' एकदाही नव्हतं. 'ऐकलं' म्हणजे मी होतो, आक्का.

साडेआठचा फोन बंद झाला. बाकीचे फोन यायचे. चटणी पाठवलीय, पोरीचं काय ठरलं, गुडघ्याला कुठलं तेल लावू. भांडण नाही, अबोला नाही. फक्त ते तीन शब्द पुन्हा आले नाहीत. मी तरी चिठ्ठ्या करत होतो. आता पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, सगळं घालून. टेबलाच्या खणात ठेवायचो आणि तू 'आज काय रं' म्हणशील म्हणून साडेआठला फोन हातात घेऊन बसायचो. माझ्या बायकोला वाटायचं, याला सकाळी सकाळी कसला नाद लागलाय.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मी धीर केला. पेरूखाली तू आणि मी दोघंच होतो. शेडमधले माग थांबले होते आणि इतकं शांत झालं होतं की आपल्यालाच कसंतरी वाटत होतं.

"आक्का, ते कोळ्याचं..."

"कोळी बरा हाय," तू म्हणालीस. "आत्ताच जेवला. तू चहा घेणार का?"

मी चहा घेतला. वडगावात माझा धीर नेहमी चहावरच संपतो.

आणि आपलं ते जुनं भांडण तर अर्धंच राहिलं. गल्लीत कुणी वारलं की फलक पुसून फक्त त्या माणसाची बातमी लिहितात आणि बाराव्यापर्यंत दुसरं काही लिहीत नाहीत. तुझं म्हणणं, खाली गंमत लिहायला काय हरकत आहे? मी म्हणायचो, बरं दिसत नाही. तू म्हणायचीस, "का? त्यो रोज वाचत व्हता. जाता जाता पण वाचंल की. बारा दिस उपाशी ठेवायचं व्हय?" भावोजी गेले तेव्हासुद्धा तुला लिहायचं होतं. चार माणसांनी, त्यात पुढं मी, तुला अडवलं. तू ऐकलंस, पण त्यांना नेताना कानाशी वाकून काहीतरी बोललीस. आम्हाला वाटलं रडतेय. नंतर मला म्हणालीस, "मोजून बघा म्हटलं, झोपल्यावर उंच झालासा."

यंदा तू गेलीस. मंडळातल्यांनी फलक पुसला आणि तुझं नाव लिहिलं. अक्षर वाईट, ओळ वर चढत गेलेली, आणि 'दुःखद'चा विसर्ग नको तिथं. मी बोटानं पुसून तो विसर्ग जागेवर आणला. म्हणजे तुझ्या फलकावर दुरुस्ती करायला माझा हात धजला, पण विसर्गाएवढीच.

तिसऱ्या दिवशी घरी एक तरुण मुलगी आली. आता वेण्या नाहीत, खांद्याला कॉलेजची बॅग. स्नेहल. मला तिनं ओळखलं नाही, मी तिला ओळखलं. सविताजवळ बसून ती सांगत होती. "शाळेतल्या त्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी आजी आमच्या घरी आलत्या. मला वाटलं आता रागवत्यात. पदरातनं पाच पेरू काढून दिले आणि म्हणाल्या, लई ब्येस इचारलंस गं. असं माझ्या जन्मात कुणी इचारलं न्हवतं." सविता रडता रडता हसली. स्नेहल म्हणाली, "मी विचारलं, आजी, तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं? तर म्हणाल्या, सांगणाऱ्याला पण तुझा कागद दाखवायला पायजे. पण त्यो लई लाजाळू हाय. त्यो आपणहून सांगंल, तवा दाखवीन."

तो कागद तुझ्या चष्म्याच्या डबीत होता, आक्का. सवितानं काढून दाखवला. चार घड्या, मध्ये गोल, गोलाला बाण. मी तो उजेडापुढं धरला आणि उलटा केला. बघितलं.

तर तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू नऊ वर्षं थांबली होतीस. मला वाटत होतं तू विचारायचं बंद केलंस, आणि तू तर वाट बघत बसलीस, पेरूखाली, कोळ्याची बघत होतीस तशीच. मी तुझ्याकडं कायम एकाच अंगानं बघत राहिलो. हे लिहिताना मला रडू यायला हवं होतं. येत नाही. सारखी तुझी ती 'कोळी बरा हाय, आत्ताच जेवला' म्हणायची तऱ्हा आठवते आणि हसू येतं. माणूस नुसता डोळ्यांपुढं आला तरी हसू येतं, म्हणून तू मला पहिल्या रांगेत बसू दिलं नव्हतंस, ते आता कळतं.

भांडणात तू जिंकलीस, हे पण लिहून टाकतो. खाली लिहायला काही हरकत नव्हती. भावोजींच्या वेळी मी तुला अडवायला नको होतं.

आज दहावा दिवस. परवा बारावं झालं की ओल्या फडक्यानं फलक पुसतील आणि पुन्हा नळाच्या पाण्याच्या वेळा लिहितील. सवितानं सकाळी मला खडू आणून दिला. "मामा, खाली काही लिहायचं असेल तर लिहा, आत्तींना आवडलं असतं." खडू शर्टाच्या खिशात आहे. दोनदा फलकापर्यंत जाऊन आलो. एकदा परशराम उभा होता, एकदा कुणीच नव्हतं.

ओळ तयार आहे. 'कोळ्याचं ते आक्काला तिच्या भावानं, म्हणजे मी, मनानं रचून सांगितलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती.' खाली माझं पूर्ण नाव.

एवढी एक ओळ मी तुला देणं लागतो, आणि हे लिहीपर्यंत ती दिलेली नाही.